‘हरलात तर एक डॉलरही परत नाही’ : दाव्यावरच्या उचलीबद्दलचे अर्धसत्य

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत अपघातग्रस्तांसाठी एक सल्ला फिरत असतो. त्याचा आशय असा : विमा कंपनी दावा लांबवत असेल तर दाव्यावर पैसे देणाऱ्या कंपनीकडून उचल घ्या, हे कर्ज नव्हे, त्यामुळे व्याजाची चिंता नको, दावा हरलात तर काहीच परत करायचे नाही, जिंकलात तर त्यांचे शुल्क समोरच्याची विमा कंपनीच भरते, आणि हे सगळे वकिलाला सांगू नका, कारण तो मोडता घालतो. यातले हरण्याबद्दलचे एक विधान बव्हंशी खरे आहे आणि त्याच्याच आधारावर बाकीची चार खपून जातात.

प्रथम ते खरे विधान पाहू. वादीला दिलेली ही रक्कम केवळ त्या दाव्यातून येणाऱ्या पैशातूनच वसूल होते, त्याच्या पगारातून किंवा घरातून नाही. म्हणूनच पतगुणांक विचारला जात नाही. मात्र माहिती लपवली किंवा कराराचा भंग केला, तर हे संरक्षण बहुतेक करारांत गळून पडते. शिवाय ज्या दाव्यात समोरच्याची चूक उघड आहे आणि त्याचा विमा पुरेसा आहे, अशाच दाव्यावर कंपनी पैसे लावते, आणि तेही अपेक्षित भरपाईच्या लहानशा हिश्श्याइतकेच. अशा दाव्यांपैकी बहुतेकांचा शेवट निकालात नव्हे, तर तडजोडीत होतो. त्यामुळे ‘हरलो तर काय’ यापेक्षा ‘तडजोड झाल्यावर हातात काय उरेल’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच त्या सल्ल्यात नाही.

या व्यवहारात महिन्याला 2 ते 4 टक्के दर सर्रास आढळतो आणि तो पुष्कळदा चक्रवाढीने लागतो. न्यू जर्सीतला एक कल्पित हिशेब घेऊ. तडजोड 50,000 डॉलरची झाली आणि दाव्याचा खर्च 3,500 आला. त्या राज्यात वकिलाची फी खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर, रकमेच्या पहिल्या टप्प्यावर जास्तीत जास्त एक तृतीयांश, अशी धरली जाते, म्हणजे 15,500. उरले 31,000. त्यातून उपचारांच्या थकबाकीचे 9,000 गेले की 22,000 उरतात. आता वादीने 8,000 डॉलरची उचल महिना 3 टक्के चक्रवाढीने घेतली असेल आणि दावा दोन वर्षे चालला असेल, तर कंपनीचे येणे 16,262 होते आणि वादीच्या हाती 5,738 येतात. दावा तिसऱ्या वर्षाअखेर मिटला, तर येणे 23,186 वर जाते, म्हणजे उरलेल्या सगळ्या रकमेहून जास्त. वरचा फरक कंपनी सोडून देते हे खरे, पण वादीलाही त्या दिवशी काहीच मिळत नाही. ‘हरलात तर’ या शब्दांनी अशा माणसाला कोणता दिलासा मिळतो, हे मला तरी कळलेले नाही.

हे कर्ज नव्हे, असे कंपन्या म्हणतात त्याला कारण आहे : भविष्यातील भरपाईचा हिस्सा आम्ही विकत घेतो असे मांडले, की व्याजमर्यादेचे कायदे लागू होत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो सगळीकडे टिकलेला नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे व्यवहार कर्जच असल्याचे ठरवले. ओहायोत एका अपघातग्रस्त महिलेला 6,000 डॉलर देताना, दावा बारा महिन्यांत मिटल्यास 16,800 आणि दोन वर्षांत मिटल्यास 27,600 घेण्याची अट होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तो करार रद्दबातल ठरवला. पुढे 2008 मध्ये तिथल्याच विधिमंडळाने कायदा करून असे करार अटींसह मान्य केले. अर्कान्सासने 2015 मध्ये वार्षिक 17 टक्क्यांची मर्यादा घातली, तर इलिनॉयच्या 2022 च्या कायद्यात दर सहा महिन्यांना 18 टक्के चालतात. राज्य बदलले की उत्तर बदलते, हे ज्या सल्ल्यात लिहिलेले नाही तो सल्ला अपुरा आहे.

शुल्क विमा कंपनी भरते, हे सरळ चूक आहे. उपचारांचा खर्च, बुडालेली मिळकत आणि वेदना यांची भरपाई मागता येते. वादीने मधल्या काळात कोणत्या दराने पैसे उचलले, याच्याशी समोरच्याचा संबंध नसतो.

तरीही उचल घेणारा प्रत्येक जण फसतो, असे मी म्हणणार नाही. घरभाडे थकले असेल आणि विमा कंपनी त्या अगतिकतेचा फायदा घेऊन अगदी कमी रक्कम पुढे करत असेल, तर थोडी उचल घेऊन थांबणे फायद्याचे ठरू शकते. पण त्याआधी स्वतःच्या वाहनविम्यातील वैयक्तिक दुखापतीचे कलम (चूक कोणाचीही असो, उपचारांचा खर्च आपल्याच विम्यातून मिळतो ते) आणि राज्याची तात्पुरत्या अपंगत्वाची योजना लागू आहे का ते पाहावे. न्यू जर्सीत दोन्ही आहेत. पैसे घ्यायचेच असतील तर शक्य तितके उशिरा आणि गरजेपुरतेच घ्यावेत, आणि दर सहा महिन्यांनी येणे किती होईल याचा तक्ता सही करण्याआधी लेखी मागून घ्यावा.

राहिला वकील. वकिलाला न सांगता हा व्यवहार प्रत्यक्षात होतच नाही. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय कागद, विम्याची मर्यादा हे सगळे कंपनी त्याच्याच कार्यालयातून मागवते, आणि तडजोडीचे पैसे त्याच्या विश्वस्त खात्यात (अशिलांचे पैसे वेगळे ठेवण्याच्या खात्यात) आल्यावर आधी आमचे येणे चुकते करीन, अशी लेखी पोच त्याच्याकडून घेते. तो स्वतः खर्चाला पैसे का देत नाही, असाही एक उपप्रश्न त्या सल्ल्यात असतो. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमांनुसार वकिलाला दाव्याचा खर्च आगाऊ करता येतो. पण चालू दाव्यात अशिलाला पोटापाण्यासाठी उसने देता येत नाहीत, आणि 2020 मध्ये केलेला अपवाद गरीब अशिलांचे काम विनामोबदला करणाऱ्यांनी द्यायच्या किरकोळ मदतीपुरताच आहे. वकील हात आखडता घेतो तो बहुधा याच नियमामुळे. शिवाय कंपनीच्या हाती कोणते कागद द्यायचे हेही त्यानेच ठरवायचे असते, कारण वकील आणि अशील यांच्यातला गोपनीय मजकूर तिसऱ्याकडे गेला, की पुढे समोरच्या पक्षाला तो मागण्याची वाट मोकळी होऊ शकते.