खुलासा : धामण म्हशीचं दूध पीत नाही

‘धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, दिसताच ठेचा’ असा मेसेज सध्या फिरतोय. आज्यांनी सांगितलं, आता नातवंडं फॉरवर्ड करतात. धामणीचे दात बारीक, टोकदार, आत वळलेले. ते सडाला लागले तर म्हैस लाथ झाडल्याशिवाय राहील का? आणि चोखायला लागतात तसे ओठ सापाला नसतातच. ती गोठ्यात येते उंदरांच्या मागावर. धामण बिनविषारी आहे, आणि लोक समजतात तशी नागाची मादीही नव्हे. एकमेकांना पिळे घालून उभी राहणारी, मिलनाची वाटणारी धामणींची ‘जोडी’ बहुतेकदा दोन झुंजणारे नर असतात (शुभ म्हणून अशा जोडीवर नवं कापड टाकणाऱ्यांनी ते कापड जपून ठेवावं). धामण मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. गोठ्यात दिसली तर तिला वाट मोकळी ठेवा.