लांडगा आधी पिल्लांना भरवतो

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. बर्फातून रांगेने चाललेल्या लांडग्यांचा फोटो आणि खाली मजकूर. पुढचे तीन म्हातारे-आजारी, सगळ्यात मागे एकटा चालणारा तो ‘अल्फा’. सगळ्यांना लोळवून तो नेता झाला आणि त्याच्या धाकावर कळप टिकतो. घरातही असाच एक अल्फा हवा. त्याने आधी जेवावं, पोरांना आणि कुत्र्याला दाबात ठेवावं. चिंपांझीही हेच करतात आणि बायकांना असाच पुरुष आवडतो, म्हणे. असलं काही आलं की मी वाचून सोडून देते. हेही सोडलं, तेच चुकलं.

माझ्या धाकट्या भावाने ते मनावर घेतलं. गेल्या रविवारी जुळे सोलापुरात त्याच्याकडे गेले, तर सातवीतला भाचा ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसलेला. बापाची भाकरी संपेपर्यंत त्याने घास मोडायचा नाही. मनगटाला पट्टी. मोत्या ताटाशी गुरगुरला म्हणून भावाने पोराला सांगितलं होतं, ‘‘उलटा पाड, मान दाबून धर, गप होईपर्यंत सोडू नको.’’ पाच वर्षं पोराच्या पायाशी झोपणारा कुत्रा त्याला चावला. आता इंजेक्शनं चालू आहेत.

फोटो खरा आहे, मजकूर खोटा. बीबीसीच्या चित्रीकरणावेळी कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात चॅडन हंटर यांनी तो टिपला. २५ लांडगे बायसनच्या शिकारीला निघालेले. पुढे म्हातारे नव्हतेच, एक मादी वाट काढत होती. खोल बर्फात दम वाचावा म्हणून बाकीचे तिच्या पावलांवर पाऊल टाकत होते.

आता ‘लोळवून नेता झाला’ हे. ही कल्पना आली पिंजऱ्यातून. प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये ती मांडली. कोंडलेल्या जागेत, एकमेकांना टाळायची सोय नसताना ते भांडले, एवढं खरं. अमेरिकेचे लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकात तीच कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. पण याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या एल्समियर बेटावर १३ उन्हाळे एका मोकळ्या कळपाजवळ काढले आणि १९९९ मध्ये स्वतःचं म्हणणं दुरुस्त केलं. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. पोरं मोठी झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात, आपला संसार थाटतात. कुणाला हरवून कुणी नेता होत नाही. मेक यांनी तर जुनं पुस्तक छापणं बंद करा, असं प्रकाशकालाच सांगितलं.

भाऊ, जेवणाचं नीट वाच. खायला कमी पडतं तेव्हा लांडग्याचे आईबाप मोठ्या पोरांना मागे सारून आधी लहान पिल्लांना भरवतात. आणि त्यासाठी कॅनडापर्यंत कशाला जायचं? आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी दुर्बिणीतून मी एक मोठा लांडगा ओघळीकडे परतताना पाहिला. पिल्लं धावत आली, त्याचं तोंड चाटायला लागली. त्याने मान खाली घातली आणि पोटातलं ओकून त्यांच्यापुढे टाकलं. ती खात असताना तो बाजूला उभा होता. लांडगा व्हायचंय ना तुला? मग हे कर.

मोत्याचं सांगते. कुत्रा म्हणजे लांडगा नाही, हजारो वर्षं तो माणसाजवळ वाढलाय. आणि जबरदस्तीने उताणा पाडल्यावर त्याला आदर वाटत नाही, जीव जातोय असं वाटतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये वागणुकीच्या तक्रारींसाठी आणलेल्या पाळीव कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तर असं उताणं पाडून पाहणाऱ्यांपैकी ३१ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. मोत्या गुरगुरला तेव्हा ‘लांब राहा’ एवढंच सांगत होता. ते कळायला हवं होतं तुला, बारा वर्षांच्या पोराला नव्हे.

चिंपांझीत अल्फा नर असतो, हे मान्य करावंच लागेल. पण नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींचा अभ्यास केलेल्या फ्रान्स द वाल यांचं वाचलं तर दिसतं की नुसत्या ताकदीवर तो टिकत नाही. त्याला साथीदार लागतात, भांडणं मिटवावी लागतात, दुबळ्याची बाजू घ्यावी लागते. तिथल्या लाउट नावाच्या अल्फाला १९८० मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ठार मारलं. शिवाय बोनोबो ही चिंपांझीसारखीच वानरांची दुसरी जात, तेही आपल्याला चिंपांझीइतकेच जवळचे, आणि त्यांच्यात माद्यांचं चालतं. ते त्या फॉरवर्डमध्ये का नाही?

बायकांच्या आवडीचं वहिनीला विचार. रविवारी ती ताट वाढून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

पुढचं इंजेक्शन शनिवारी आहे. मी येते सोबत. तोवर भाच्याला पहिल्या पंगतीला बसव, आणि मोत्याला त्याचं त्याचं खाऊ दे, जेवताना कुणी जवळ जाऊ नका.