लक्षद्वीपवर ढग दिसले म्हणून धूळवाफ उरकू नका

मे महिना अर्ध्यावर आला की कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतो: "उपग्रहाच्या चित्रात लक्षद्वीप पांढरं झालंय. हेच ढग आठ दिवसांत कोकणात येणार. हा मान्सूनच आहे, वादळ नाही. धूळवाफेची पेरणी उरकून घ्या." यातलं एकही वाक्य खात्रीचं नाही, आणि शेवटचं मनावर घेऊन धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भाताची पेरणी, उरकली तर बियाणं जातं.

आधी तो पांढरा रंग. फिरणारं चित्र बहुधा इन्फ्रारेडचं असतं. त्यात पाऊस दिसत नाही, ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं: माथा जितका थंड तितका पांढरा. खालचा पाऊस थांबला तरी वर पसरलेली पातळ चादर कितीतरी वेळ तशीच पांढरी राहते. म्हणून दिवसा, त्याच वेळेचं साध्या प्रकाशातलं चित्र शेजारी ठेवून बघा. दोन्हीत ठसठशीत पांढरं असेल तर ढग खरंच जाड. इन्फ्रारेडमध्ये पांढरं आणि दुसऱ्यात आरपार समुद्र दिसतोय, तर ती नुसती चादर.

"हेच ढग" वर येत नाहीत. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटापासून रत्नागिरीपर्यंत साडेनऊशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि एक गडगडाटी ढग जगतो तासभर. पावसाळ्याच्या तोंडावर खालचं वारं पश्चिमेचं असतं, पण बारा-चौदा किलोमीटर उंचीवरचं पूर्वेचं. चित्रात सरकणारी ती चादर म्हणूनच भर समुद्राकडे जाते, आपल्याकडे नाही. आपला पाऊस इथेच तयार होतो. दमट वारं किनारा ओलांडून सह्याद्रीवर चढतं, तेव्हा तो पडतो. लक्षद्वीपची बेटं समुद्रापासून काही मीटरच उंच. वारं वर ढकलायला तिथे डोंगरच नाही. मिनिकॉयला वर्षाला साधारण 1600 मिलिमीटर पाऊस, आपल्या आंबोलीला त्याच्या चौपटीहून जास्त.

आता आठ दिवसांचा हिशोब. 2025 मध्ये मान्सून 24 मे रोजी केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडला. 2023 मध्ये 8 जूनला केरळ, 11 जूनला रत्नागिरी, इथवर झकास. मग तिथेच अडकला आणि मुंबईला पोचायला 25 जून उजाडला. त्या वेळी बिपरजॉय वादळ समुद्रातलं बाष्प स्वतःकडे ओढून गुजरातकडे निघालं होतं. आठाचा आकडा कुठेच बसत नाही.

लक्षद्वीपची नोंद मात्र महत्त्वाची आहे. केरळात मान्सून जाहीर करताना हवामान खातं 14 केंद्रांचा पाऊस तपासतं, त्यात मिनिकॉय आणि अमिनी आहेत. 10 मेनंतर यातल्या 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस लागतो, शिवाय पश्चिमी वाऱ्याची खोली आणि वेगही जुळावा लागतो. नुसते ढग पुरत नाहीत.

"वादळ नाही" हे वाक्य सर्वांत घातक. 2021 चं तौक्ते वादळ मे महिन्यात लक्षद्वीपजवळच तयार झालं. 2020 चं निसर्गही त्याच बाजूने वर आलं आणि 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्या साली केरळात मान्सून 1 जूनला जाहीर झाला होता, म्हणजे चित्रातल्या पांढऱ्यात दोन्ही एकत्र होते. दर्यावर जाणाऱ्याने अशा वेळी ग्रुप नव्हे, बंदरावरचा धोक्याचा बावटा बघावा.

धूळवाफ पद्धत वाईट नाही. कोरड्या मातीत कोरडं बी टिकतं. घात करतो तो वळीव: एक सर येते, बी फुगून मोड येतो, मग आठ-दहा दिवस कडक ऊन पडतं, वर पापुद्रा धरतो आणि कोंब आतच करपतो. म्हणून पेरण्याआधी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला वाचा, आणि सगळं बियाणं एकदम टाकू नका. तरवा (लावणीसाठीची भाताची रोपं) फसलाच, तर राखलेलं बी 24 तास भिजवा, ओल्या गोणपाटात मोड येईपर्यंत दाबून ठेवा, आणि पाऊस लागल्यावर चिखलणी करून रहू पद्धतीने पेरा.