मामा गेले कुठे?

स्टुडिओ मॉनिटर नावाचे स्पीकर गाणं गोड लागावं म्हणून बनवलेलेच नसतात. साधे स्पीकर बेस जरा फुगवतात, वरचे सूर जरा चमकवतात, आपण खूश. मॉनिटर जे आहे तेच ऐकवतो. स्पष्टवक्त्या आत्याला पैसे मोजून घरी राहायला बोलवावं, तसा हा प्रकार. पण मामांच्या नाट्यगीतांचं रेकॉर्डिंग ‘जरा साफ करून दे’ असा हुकूम झाला होता, आणि साफ करायचं तर आधी घाण नीट ऐकू यायला हवी, हे आमच्या कन्येचं म्हणणं. तिच्यापुढे माझं चालत नाही. मॉनिटर आले.

लॅपटॉपला हेडफोनचं साडेतीन मिलिमीटरचं भोक, मॉनिटरला पाव इंचाचं. वायरीसाठी तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने एका टोकाला बारकी, दुसऱ्या टोकाला जाडी पिन असलेली वायर काढली. “दोन्हीकडे चालेल ना?” “बसतीय ना? मग चालतीय.” पुण्यात यापुढे प्रश्न विचारायचा नसतो.

घरी मामा हजरच होते. एका स्पीकरला वायर लावून गाणं सुरू केलं. ऑर्गन आला, तबला आला. मामा आले नाहीत. म्हणजे अगदीच नाही असं नाही. पलीकडच्या सोसायटीत कुणी विहिरीत उतरून गात असावं, तसं काहीतरी येत होतं. मग त्यांचं जुनं मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज असलेलं, रेकॉर्डिंग लावलं. त्यात कुणीच आलं नाही.

“अरे, मी कुठंय?” मामांनी विचारलं.

कन्येने खुलासा केला. मॉनिटरचं ते भोक ‘बॅलन्स्ड’. तिथे एकच आवाज दोन तारांतून येतो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. स्पीकर त्यांची वजाबाकी करतो, म्हणजे वाटेत दोन्ही तारांना सारखाच चिकटलेला कचरा उडतो. आमच्या वायरीने त्या दोन तारांवर डावा आणि उजवा आवाज पाठवला. वजाबाकीत दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गेलं, आणि गायक तर बहुधा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. “म्हणजे कचरा समजून मला काढलं,” मामा म्हणाले.

एका पिनेच्या दोन पिना करणारी वायर आणल्यावर मामा परतले, पण सोबत घुंऽऽ असा अखंड षड्ज घेऊन. चार्जर काढला की शांत, लावला की सुरू. लॅपटॉप आणि स्पीकर दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जाते आणि वायरीतून पुन्हा भेटते. त्या वेढ्यात घरातली ५० हर्ट्झची वीज गाऊ लागते. वायरमन म्हणाला, “अर्थिंगची पिनच तोडू, आवाज जाईल.” बायको म्हणाली, “आणि हेही जातील.” शेवटी यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बॅलन्स्ड करून बाहेर देणारी डबी, आणि खऱ्या बॅलन्स्ड वायरी घेतल्या. आवाज गेला. किती पैसे गेले ते घरात अजून सांगितलेलं नाही.

मग मांडणी. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण हवा, ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा भाग, कानाच्या उंचीला, भिंत लांब. कोपऱ्यात ठेवला तर बेस सुजतो. दहा बाय दहाच्या खोलीत भिंत लांब कशी ठेवायची, हे कुणी सांगत नाही. लोखंडी कपाटाचं दार तर नेमकं काळी एकच्या सुरावर थरथरतं, आणि मामांची पट्टी काळी एक!

सगळं जमल्यावर मामा त्रिकोणाच्या टोकाशी बसले. पंखा ऐकू आला, कुणाची तरी बांगडी ऐकू आली, समेच्या आधी घेतलेला चोरटा श्वास ऐकू आला. वरच्या षड्जाला जे झालं तेही आलं. मामांनी चष्मा पुसला. “स्पीकर नवे आहेत. रुळतील.”

कन्येने त्यांना धीर दिला. यामाहाचे एनएस-१० हे १९७८ सालचे स्पीकर खरं तर घरासाठी काढलेले. घरात कुणाला रुचले नाहीत, पण स्टुडिओवाल्यांनी डोक्यावर घेतले. त्यांचासुद्धा वरचा आवाज टोचायचा म्हणून ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत असत.

“मग इथेही चिकटव,” मामा म्हणाले. “जाड.”

रात्री जागून पंखा उतरवला, बांगडी काढली, श्वास दडवला, आणि फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. गाणं सात मिनिटांचं. पहिलं ‘अप्रतिम!’ अर्ध्या मिनिटात आलं.