उसातले एन्झाइम आणि ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’

सांगलीतील विज्ञान शाखेच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. जीवरसायनशास्त्र घेतलेल्या मुलांनी सोबत प्रोग्रामिंग शिकणे म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’, असे त्यात म्हटले असून तीन कारणे दिली आहेत : हे विषय परस्परांशी असंबद्ध आहेत, त्यासाठी पक्के गणित व महागडा लॅपटॉप लागतो, आणि यापुढे हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्ताच करणार आहे.

पहिल्या कारणाला इतिहासाचा आधार नाही. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना मांडली, तेव्हा त्यामागची आकडेमोड केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर झाली होती. अमिनो आम्लांची जी एकाक्षरी चिन्हे आम्ही मुलांकडून घोकून घेतो, ती मार्गारेट डेहॉफ यांनी संगणकातील जागा वाचवण्यासाठीच रूढ केली.

पण केंब्रिजपर्यंत जाण्याचीही गरज नाही. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते; सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करणारे इन्व्हर्टेज हे एन्झाइम त्याचे एक कारण. एन्झाइमच्या क्रियेचा वेग साखरेसारख्या मूळ पदार्थाच्या संहतीनुसार कसा बदलतो हे सांगणारे आपले प्रसिद्ध समीकरण मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये यीस्टमधल्या इन्व्हर्टेजवरच तपासले होते. प्रात्यक्षिकात मुले वेग व संहती या दोन्ही राशींचे व्यस्त घेऊन सरळ रेषा काढतात, आणि तिथेच फसतात. समजा, खरा केएम, म्हणजे ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती संहती, २ मिलिमोलर आणि कमाल वेग १० आहे, सुक्रोजच्या संहती ०.५, १, २, ४ व ८ मिलिमोलर आहेत, आणि फक्त सर्वांत कमी संहतीला वेग २ ऐवजी १.६ असा नोंदला गेला. व्यस्त घेताच ही लहानशी चूक फुगते व रेषेवरून केएम सुमारे ३.६ येतो, मूळ वक्रच पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दहाबारा ओळींत जुळवला, तर तो सुमारे २.२ येतो. हा फरक आलेखाच्या कागदावर पट्टी ठेवून दिसत नाही.

गणिताची भीती अनाठायी आहे. बारावीला गणित सोडलेल्यांनाही हे समीकरण शिकावेच लागते. प्रोग्राम लिहून चालवण्याची कोलॅबसारखी विनामूल्य सुविधा ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे महाविद्यालयातील जुना संगणकही पुरतो.

तिसरे कारण मात्र गंभीरपणे घ्यावे लागेल, कारण २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीच्या कर्त्यांना मिळाला. तरीही अल्फाफोल्ड प्रथिनाच्या रचनेचे भाकीत करते, केएम सांगत नाही. भाकिताच्या प्रत्येक भागासोबत ते ० ते १०० असा विश्वासांक देते, आणि कमी अंकाच्या भागावर किती विसंबायचे, हे प्रथिने जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते.

संदेशात तथ्य आहे ते एवढेच, की वेळ अपुरा असतो. प्रात्यक्षिके बुडवून वेबसाइट बनवण्याच्या क्लासला जाणाऱ्यांना मीही अडवतो. एकच भाषा घ्यावी, आणि पहिली आज्ञावली स्वतःच्या जर्नलमधल्या पाच नोंदींवर लिहावी.