‘घरबसल्या’ टीका करणाऱ्याकडून

नमस्कार ‘सजग पुणेकर’,

(खरं नाव लिहायला हरकत नव्हती. मी माझं लिहितोच.)

शहरांच्या स्वच्छतेला गुण देणाऱ्या केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांना फोन करून मतं विचारतात, त्या मतांवर किती भरवसा ठेवायचा यावरचा माझा लेख तुम्हाला ‘अर्धवट माहितीचा’ वाटला, असं तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंत. आधी चूक कबूल करतो. २०१८ साली नागरिकांच्या प्रतिसादाला ४००० पैकी १४०० गुण होते, मी १२५० लिहिले. तो आकडा २०१९चा, ५००० पैकी. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य: ‘घरबसल्या टीका सोपी असते, हजार लोकांचा नमुना पुरतो हे आधी शिकून घ्या.’

शिकून घ्या? अहो साहेब, मी या धंद्यावर पोट भरलंय. कॉलेज संपल्यावर अकरा महिने एका सर्व्हे कंपनीत फोन लावायचो. कानाला हेडफोन, समोर नंबरांची यादी, प्रत्येक नंबरापुढे खूण: उचलला नाही, कट केला, नंतर करा. ‘नंतर करा’ म्हणणाऱ्याला नंतर कुणी करत नसे, कारण दिवसाचा कोटा भरायचा असे. आणि भरदुपारी निवांत बोलणार कोण? निवृत्त आजोबा. एकांनी मला मुलाच्या अमेरिकेतल्या घराचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं आणि मग प्रत्येक प्रश्नाला, ‘छान आहे हो सगळं, लिहा तुम्ही.’ मी लिहिलं. तक्त्यात ते ‘पूर्ण समाधानी’ म्हणून गेले. हे मी घरी बसून नाही, तिथे खुर्चीत बसून पाहिलंय.

हजाराचा हिशोब मलाही येतो. उत्तर खऱ्यापेक्षा साधारण ३ टक्के इकडेतिकडे. पण ते हजारजण चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे निघाले असतील तर! अमेरिकेत १९३६ साली अध्यक्ष कोण होणार हे विचारणाऱ्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली होती. नावं काढली होती टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारवाल्यांच्या यादीतून. लँडन येणार म्हणाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. आज फोन सगळ्यांकडे आहे, पण अनोळखी नंबर उचलतो कोण? तुम्ही उचलता?

शिवाय लँडलाइनला ०२० असायचं, म्हणजे माणूस पुण्याचा. मोबाइलवरून शहर कळत नाही, आणि २०१५ पासून तर परराज्यातला नंबरही न बदलता इथल्या कंपनीकडे नेता येतो. आमच्या शेजाऱ्यांचा अजून इंदूरचाच आहे. उद्या त्यांना इंदूरच्या कचऱ्याबद्दल विचारलं तर तेही खुशाल उत्तर देतील. (इंदूरला गरज नाही म्हणा.)

आणि २०१८चा पहिलाच प्रश्न काय होता? तुमचं शहर या सर्वेक्षणात भाग घेतंय, हे तुम्हाला माहीत आहे का? यात कचरा कुठे आला? जाहिरातीची होर्डिंग आली.

फोनखेरीज मत द्यायला ॲप होतं, पोर्टल होतं, ‘तुमच्यासारख्या नकारात्मक लोकांमुळे’ वगैरे बाकीचं वाचलं. तो लेखाचा विषयच नव्हता.

जाता जाता, तुमची प्रतिक्रिया मंगळवारी दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी आली आहे. त्या वेळी घरबसल्या कोण होतं, हे मी विचारत नाही.