दोन गुणांचा ग्लोब आणि ‘कागदावरचा विजेता’

बायथलॉनच्या 2019–20च्या विश्वचषक हंगामाविषयी एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा: नॉर्वेचा योहान्नेस थिंग्नेस बो चार शर्यती घरी बसला, तरी एकूण विजेतेपदाचा मोठा क्रिस्टल ग्लोब त्यालाच मिळाला. फ्रान्सचा मार्टिन फुरकाद हंगामभर झिजला आणि 913 विरुद्ध 911, म्हणजे अवघ्या दोन गुणांनी मागे राहिला. कमी गुणांच्या दोन शर्यती वगळायचा नियम आणि कोरोना या दोघांनी मिळून त्याचा आठवा ग्लोब पळवला. म्हणून बो हा नुसता ‘कागदावरचा विजेता’.

यातले आकडे खरे आहेत. घोळ आहे तो त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की स्कीवर काही किलोमीटर जीव तोडून पळायचं, मध्येच थांबून 50 मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर रायफल चालवायची, आणि पुन्हा पळायचं. झोपून मारताना लक्ष्य 45 मिलिमीटरचं, उभ्याने मारताना 115 मिलिमीटरचं. बहुतेक प्रकारांत नेम चुकला की दर चुकीमागे 150 मीटरची शिक्षेची फेरी. त्या वर्षी पहिल्याला 60 गुण होते, पुढे 54, 48, 43, 40 असे उतरत चाळिसाव्याला 1.

आता नियमाकडे येऊ. पोस्टचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. हंगामात वैयक्तिक शर्यती झाल्या 21. प्रत्येकाच्या सर्वांत वाईट दोन वगळून 19 मोजायच्या. आपल्याकडे दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ असतं तसाच हा प्रकार, आणि तो सगळ्यांना सारखाच लागू. हंगाम संपल्यावर कुणी शोधून काढलेली ही पळवाट नव्हे. पोस्टवाले फुरकादचे वगळलेले गुण परत मिळवतात आणि तो पुढे गेला असता असं दाखवतात. ती बेरीज घटकाभर मान्य करू. पण मग बोच्या बाजूची वजाबाकी का करत नाहीत? त्याने चार शर्यती बुडवल्या, नियमाने माफ केल्या दोन. उरलेली दोन शून्यं त्याच्या 19मध्ये तशीच बसली होती. म्हणजे बोचे 913 गुण आले ते 17 शर्यतींतून, आणि फुरकादचे 911 आले ते 19मधून. भागाकार करून पाहा. बोला शर्यतीमागे साधारण 53.7 पडतात, फुरकादला 47.9. दुसऱ्या क्रमांकाला 54 आणि तिसऱ्याला 48 मिळत होते, हे लक्षात घेतलं तर बो जेव्हा उतरला तेव्हा सरासरीने दुसऱ्या क्रमांकावर आला आणि फुरकाद, त्याच्या वाईट शर्यती काढून टाकूनही, सरासरीने तिसऱ्या. अशा माणसाला कागदावरचा म्हणायचं असेल तर मैदानावरचा कोण?

‘घरी बसला’ हे शब्दही जरा जपून वापरलेले बरे. जानेवारीत बोच्या घरी पहिलं मूल जन्माला येणार होतं, म्हणून त्याने विश्वचषकाचे जर्मनीतले ओबरहोफ आणि रुपोल्डिंग हे दोन मुक्काम सोडले. त्याचं मोल त्याने मोजलंच. तो नसताना फुरकादने शर्यती मारल्या आणि आघाडीवीराचा पिवळा बिब अंगावर चढवला. नंतर बो परतला तो थेट स्लोव्हेनियातल्या पोक्ल्युकाला, आणि त्याच मुक्कामी जिंकला. बाळंतपणासाठी सुट्टी घेतली म्हणून खेळाडूला टोमणा मारणाऱ्यांशी काय बोलायचं, मला खरंच कळत नाही.

कोरोनाचा मुद्दा जास्त वजनदार आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. हंगामाचा शेवट ओस्लोच्या होल्मेनकोलेनवर व्हायचा होता. तो मुक्काम रद्द झाला आणि 14 मार्च 2020ला फिनलंडच्या कोंटियोलाहतीला झालेली पाठलाग शर्यत शेवटची ठरली. प्रेक्षक नव्हते. पण त्याआधी चेकियात नोवे मेस्तोलाही प्रेक्षक नव्हते, आणि रिकाम्या स्टँडचा फायदा एकट्या बोला कसा झाला हे पोस्टमध्ये कुठेच नाही. ओस्लो झालं असतं तर फुरकाद पुढे गेला असता, हेही गृहीतच. दोन गुणांचं अंतर कुणीही कापू शकतो, तसं कुणीही वाढवूही शकतो. शिवाय सगळे एकदम सुटतात त्या मास स्टार्टचा छोटा ग्लोब, म्हणजे त्या एका प्रकाराचं विजेतेपद, त्या वर्षी बोकडेच होता. इटलीतल्या अँथोल्झच्या जागतिक स्पर्धेतली मास स्टार्टही त्यानेच जिंकली होती.

त्या शेवटच्या शर्यतीत 12.5 किलोमीटर, चार वेळा गोळीबार, एकूण वीस गोळ्या. पाठलागात आधी झालेल्या स्प्रिंट या छोट्या शर्यतीत जेवढ्या वेळाने मागे राहिलो तेवढ्या अंतराने सुटायचं असतं, त्यामुळे जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला, घड्याळाकडे पाहायची गरज नाही. फुरकाद पहिला आला, 60 गुण. बो चौथा, 43. तो पाचवा आला असता तर 40 मिळून 910वर थांबला असता आणि ग्लोब एका गुणाने फ्रान्सला गेला असता. एकवीस शर्यतींचा हंगाम शेवटी चौथ्या आणि पाचव्या जागेत अडकला होता. याला बेरीज-वजाबाकीची कृपा म्हणणाऱ्याने ती शर्यत पाहिलेली नसावी.

फुरकादविषयीचा जिव्हाळा मला समजतो, आणि या पोस्टचा खरा उगम तिथेच असावा. 2011–12 ते 2017–18 असे सलग सात ग्लोब त्याचे. त्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली होती आणि जिंकला तो त्याच कोंटियोलाहतीला, जिथे 14 मार्च 2010ला, बरोबर दहा वर्षांपूर्वी, त्याने पहिली विश्वचषक शर्यत जिंकली होती. त्या हंगामात स्प्रिंट आणि ‘वैयक्तिक’ नावाच्या 20 किलोमीटरच्या प्रकाराचे छोटे ग्लोबही त्यालाच मिळाले. असा निरोप कुणालाही हवासा वाटेल. पण निरोप देखणा झाला म्हणून गुणतक्ता बदलायचा नसतो.

‘हा खेळच वाऱ्याचा, नशिबाचा’ हे पोस्टचं शेपूट. एका शर्यतीपुरतं ते खरं आहे, वाऱ्याच्या एका झोताने भलेभले शिक्षेच्या फेरीत जातात. वीसेक शर्यतींचा तक्ता ठेवतात तो त्याचसाठी.

गंमत म्हणजे महिलांचा निकालही त्याच दिवशी, तिथेच, जवळपास तेवढ्याच चुरशीने लागला. इटलीची डोरोथेआ विएरर 793, नॉर्वेची टिरिल एकहॉफ 786. हंगामात शर्यती एकहॉफने जास्त जिंकल्या होत्या, ग्लोब मात्र विएररला. तिला कुणी कागदावरची म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. नियम तोच, कोरोना तोच, स्टँड तसेच रिकामे.

वगळण्याच्या नियमावर आक्षेप घ्यायचाच असेल तर पुढचा, 2020–21चा हंगाम घ्या. तेव्हा साथीमुळे दोनऐवजी चार शर्यती वगळायची मुभा होती. बो 1052 आणि त्याचाच देशबंधू स्टुर्ला होल्म लेग्रेड 1039. वगळायच्या शर्यती दुप्पट झाल्या की सातत्याची किंमत उतरते. 2022–23पासून ही वगळावगळ बंद झाली आणि पहिल्या क्रमांकाला 60ऐवजी 90 गुण मिळू लागले. लेग्रेडला ग्लोब मिळाला तो 2024–25मध्ये, सगळ्या शर्यती मोजून.